घर्षण गेलं आणि थरथर आली: मायक्रॉनच्या खालची हालचाल ताब्यात कशी ठेवतात

चांगल्या कंडिशनमधलं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशिन, आपलं टेबल ५-१० मायक्रॉनच्या आत जागेवर आणून उभं करतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे शॉपफ्लोरच्या हिशोबाने हे भारीच काम आहे. पण आता समजा तुम्हाला टेबल १० नॅनोमीटरने सरकवायचंय. एका मायक्रॉनमध्ये १००० नॅनोमीटर, म्हणजे व्हीएमसीच्या अचूकतेपेक्षा पाचशे-हजार पट बारीक. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो असा की टेबल सरकवणारा अजून महागाचा बॉलस्क्रू घ्या, जागा मोजणारा अजून भारी एन्कोडर लावा, सर्व्हो मोटर ट्यून करा, जमेल. तर तेवढ्याने सहसा जमत नाही, आणि का जमत नाही तिथूनच हा सगळा विषय सुरू होतो.

कारण आहे घर्षण. टेबल थांबलेलं असताना त्याला हलवायला जो जोर लागतो तो चालू असताना लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. मोटर थोडा जोर लावते, स्क्रूला पीळ बसतो, टेबल हलत नाही, अजून जोर, अजून पीळ, तरी हलत नाही, आणि मग एकदम सुटतं आणि उडी मारून पुढे जातं. आता कंट्रोलर म्हणतो अरे पुढे गेलं, मागे ओढा, की पुन्हा तेच उलट्या बाजूने. ज्यांनी सर्व्हो ड्राइव्ह ट्यून केलेत त्यांनी हे हंटिंग बघितलेलं असणार, टेबल एका जागी उभं असतं पण डिस्प्लेवरचा शेवटचा आकडा पुढे-मागे नाचत राहतो. ती उडी मायक्रॉनच्या आसपासची असली तर १० नॅनोमीटरचं नावच काढायला नको. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी जी गोष्ट एकतर चिकटते नाहीतर उडते तिला मधल्या जागी उभं करणं महाकठीण.

मग उपाय काय, तर घासणारं काही ठेवायचंच नाही. स्लाइड नाही, बेअरिंग नाही, स्क्रू नाही, ग्रीस नाही. हालचाल घसरून करायची नाही, वाकवून करायची. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला एका टोकाशी दाबून धरा आणि दुसरं टोक बोटाने ढकला, ते टोक हलतं की नाही? पण घासलं कुठेच काही नाही. ह्या वाकण्यावर चालणाऱ्या सांध्याला फ्लेक्शर म्हणतात. आता एकच पट्टी असेल तर टोक हलताना तिरकंही होतं, म्हणून दोन सारखी पाती समोरासमोर उभी करायची, खाली दोन्ही पाती फ्रेमला पक्की, वर दोघांच्या मध्ये आपलं छोटं टेबल. आता टेबल ढकललं की दोन्ही पाती एस अक्षरासारखी वाकतात आणि टेबल तिरकं न होता सरळ बाजूला सरकतं. हे सगळं एकाच धातूच्या ब्लॉकमधून वायरकटवर, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशिनवर, कापून काढतात, म्हणजे जोडणी नाही, बोल्ट नाही, प्ले नाही, बॅकलॅश नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वायरकटचं जॉबवर्क करणारे ढिगाने आहेत, त्यातल्या कुठल्याही चांगल्या माणसाला ड्रॉइंग दिलं तर असा ब्लॉक तो आरामात काढून देईल. मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, की नॅनोमीटरची हालचाल देणारी वस्तू ही अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असते ज्यात फक्त चार खाचा पाडल्यात.

आकडे घेऊनच बोलू. अॅल्युमिनियमची दोन पाती, प्रत्येकाची लांबी ५० मिमी, रुंदी २० मिमी, जाडी अर्धा मिमी, आणि वरच्या टेबलाचं वजन १०० ग्रॅम. दोन पात्यांच्या ह्या रचनेचा ताठपणा काढायचं सूत्र अगदी छोटं आहे, धातूचा यंग्ज मॉड्युलस (धातू मुळात किती ताठ त्याचं माप) गुणिले रुंदी गुणिले २, आणि त्याला जाडी भागिले लांबी ह्याच्या घनाने गुणायचं. अॅल्युमिनियमसाठी ७० गिगापास्कल धरले की उत्तर येतं २.८ न्यूटन प्रति मिमी. म्हणजे टेबल १ मिमी सरकवायला २.८ न्यूटन, साधारण पावणेतीनशे ग्रॅम वजनाएवढा जोर. आणि ह्याचा अर्थ १० नॅनोमीटर सरकवायचं असेल तर त्याच्या एक लाखाव्या भागाएवढा जोर लावायचा, बस. उडी नाही, चिकटणं नाही, जेवढा जोर तेवढी हालचाल, सरळ रेषेत. कंट्रोलवाल्या माणसाला ह्यापेक्षा गोड गोष्ट कुठली असणार.

सूत्रातल्या त्या घनाकडे मात्र लक्ष द्या. जाडी १० टक्क्यांनी चुकली तर ताठपणा ३३ टक्क्यांनी चुकतो. अर्ध्या मिमीच्या पात्यात १० टक्के म्हणजे ०.०५ मिमी. वायरकटवर ह्याहून चांगलं काम मिळतं, पण ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहायला विसरलात तर जे येईल ते घ्यावं लागतं. शिवाय वायरकटने कापलेल्या पृष्ठभागावर वितळून परत गोठलेल्या धातूचा एक पातळ थर राहतो, ठिसूळ असतो, त्यात बारीक भेगा असू शकतात आणि लाखो वेळा वाकणाऱ्या पात्याचं फटिग, म्हणजे परत परत वाकून तडकणं, तिथूनच सुरू होतं, म्हणून शेवटचा हलका काप, स्किम कट, हळू घ्यायला सांगावं. आपल्या उदाहरणात १ मिमी सरकवल्यावर पात्याच्या मुळाशी ताण येतो फक्त ४२ मेगापास्कल, आणि ७०७५ अॅल्युमिनियम ५०० च्या आसपास जाऊन कायमचं वाकतं, त्यामुळे इथे काळजी नाही. पण अॅल्युमिनियमला स्टीलसारखी फटिगची ठाम खालची मर्यादा नसते, म्हणून ताण जितका कमी तितकं बरं.

अजून एक गोम आहे. पाती एस आकारात वाकली की त्यांची उभी उंची किंचित कमी होते, म्हणजे टेबल बाजूला सरकताना थोडंसं खालीही बसतं. किती? सरकण्याचा वर्ग भागिले लांबी, त्याच्या ०.६ पट. आपल्या पात्यांवर टेबल १ मिमी सरकवलं तर ते १२ मायक्रॉन खाली येईल, ०.१ मिमी सरकवलं तर फक्त ०.१२ मायक्रॉन. वर्गाचा हिशोब असल्याने छोट्या हालचालीत हे जवळजवळ गायब होतं आणि मोठ्या हालचालीत एकदम अंगावर येतं. ह्यावर उपाय म्हणून एका पॅरललोग्रामच्या, म्हणजे अशा दोन पात्यांच्या रचनेच्या, टेबलावर दुसरा पॅरललोग्राम उलटा टांगतात, एक जेवढा खाली बसतो तेवढं दुसरा भरून काढतो. छान उपाय आहे, फक्त त्याची एक किंमत आहे, ती पुढे सांगतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं की मग, घर्षण गेलं, प्रश्न मिटला. माझं म्हणणं असं आहे की खरा प्रश्न इथेच सुरू होतो. ते घर्षण आपल्याला छळत होतं हे खरं, पण ते गुपचूप एक चांगलं कामही करत होतं, ते थरथर गिळत होतं. व्हीएमसीचं टेबल थांबलं की थांबतं, झुलत बसत नाही. फ्लेक्शर टेबल मात्र स्प्रिंगवर बसवलेलं वजन आहे आणि ती स्प्रिंग घन धातूची आहे, तिच्यात ऊर्जा खाणारं जवळपास काहीच नाही. आपल्या १०० ग्रॅमच्या टेबलाची नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे ढकलून सोडलं तर ते सेकंदाला किती झोके घेतं ते, येते साधारण २६.६ हर्ट्झ. आणि डॅम्पिंग रेशो, म्हणजे कंपन किती लवकर विझतं त्याचं माप, अशा एकसंध धातूच्या रचनेत ०.०१ किंवा त्याहून कमी निघतो. ०.०१ धरला तर कंपन मूळच्या साधारण ३७ टक्क्यांवर उतरायला ०.६ सेकंद लागतात. ऐकायला कमी वाटतं, पण १०० मायक्रॉनची उडी मारल्यानंतर थरथर १ नॅनोमीटरवर यायची असेल तर ती एक लाख पट विझायला हवी, आणि त्याला जवळजवळ ७ सेकंद लागतात. दर वेळी हललं की ७ सेकंद थांबा! अशा स्टेजवर, म्हणजे बारीक हालचालीच्या टेबलावर, हजारो बिंदूंचं स्कॅनिंग करायचं असेल तर विचारायलाच नको.

मग कंट्रोलर लावा ना, असं म्हणाल. सेन्सर लावायचा, चूक मोजायची, ती इंटिग्रेट करून, म्हणजे तिची बेरीज करत जाऊन, जोर लावायचा, चूक शून्य होईपर्यंत. हे बरोबर आहे आणि बहुतेक सगळ्या स्टेजमध्ये इंटिग्रल कंट्रोल असतोच. पण इथे एक भिंत आहे, आणि ह्या सगळ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही भिंत ठेवा. रेझोनन्सच्या, म्हणजे टेबलाच्या स्वतःच्या त्या २६.६ हर्ट्झच्या, फ्रिक्वेन्सीला टेबल जोराच्या मागे पाव झोका उशिरा चालतं, इंटिग्रेटर स्वतः अजून पाव झोका उशीर करतो, दोन्ही मिळून अर्धा झोका उशीर, म्हणजे थांबवायला लावलेला जोर नेमका उलट्या वेळी पोचतो आणि झोक्याला ढकलतो. वर ०.०१ डॅम्पिंग असेल तर रेझोनन्सला टेबल ५० पट जास्त हलतं. त्यामुळे कंट्रोलरचा गेन, म्हणजे चुकीच्या किती पट जोर लावायचा ते, इतका कमी ठेवावा लागतो की ती ५० पट वाढ धरूनही तो लूप स्वतःच स्वतःला पेटवणार नाही. गणित केलं की साधं उत्तर मिळतं, नुसता इंटिग्रल कंट्रोलर असेल तर लूपची बँडविड्थ, म्हणजे किती फ्रिक्वेन्सीपर्यंतच्या हालचाली तो सांभाळू शकतो ती मर्यादा, रेझोनन्स फ्रिक्वेन्सी गुणिले डॅम्पिंग रेशो गुणिले २ ह्याच्या वर जाऊच शकत नाही. आपल्या टेबलासाठी २६.६ गुणिले ०.०१ गुणिले २, म्हणजे अर्धा हर्ट्झ. आणि ही अगदी कड्याच्या टोकावरची किंमत झाली, सुरक्षित अंतर ठेवायचं तर त्याच्याही निम्मं. २६ हर्ट्झचं मेकॅनिझम आणि पाव हर्ट्झचा कंट्रोल! प्रोसेसर कितीही फास्ट घ्या, सेन्सर कितीही महाग घ्या, ही भिंत तशीच राहते कारण ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाहीच, ती त्या धातूत आहे.

त्या सूत्रात दोनच गोष्टी आहेत, फ्रिक्वेन्सी आणि डॅम्पिंग, म्हणून रस्तेही मुळात दोनच.

फ्रिक्वेन्सी वाढवायची तर पाती जाड करा. जाडी दुप्पट केली की ताठपणा ८ पट होतो, फ्रिक्वेन्सी २.८ पट, म्हणजे ७५ हर्ट्झ. पण मग १ मिमी सरकवायला २२ न्यूटन लागणार, तेवढा जोर धरून ठेवायला टेबल ढकलणाऱ्या व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे चुंबकातल्या तारेच्या वेटोळ्यात, सतत करंट जाणार, कॉइल तापणार, आणि ती उष्णता थेट तुमच्या अॅल्युमिनियममध्ये शिरणार. अॅल्युमिनियम १ अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे १०० मिमीचा तुकडा ०.१ अंशाने तापला की २३० नॅनोमीटरने लांबला. ज्या १० नॅनोमीटरसाठी आपण एवढी धडपड करतोय त्याच्या २३ पट चूक नुसत्या उबेने आली. म्हणून चांगल्या स्टेजमध्ये इन्व्हारसारखा अगदी कमी प्रसरण पावणारा धातू वापरतात, किंवा रचना अशी सममित ठेवतात की सगळीकडे सारखं वाढलं तरी मधला बिंदू जागेवर राहील.

खूप ताठ मेकॅनिझमला ढकलायचं तर पिएझो वापरतात. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो हे ज्याक आणि पिएर क्युरी ह्या भावांनी १८८० मध्ये दाखवलं, आणि त्याचं उलट म्हणजे व्होल्टेज दिलं की स्फटिक लांबतो-आखडतो, ते आपल्या कामाचं. आजच्या पिएझो सिरॅमिकचे पातळ थर एकावर एक रचून स्टॅक करतात, शे-दीडशे व्होल्टला तो स्वतःच्या लांबीच्या साधारण ०.१ टक्का लांबतो, २० मिमीचा स्टॅक असेल तर २० मायक्रॉन. जोर प्रचंड, ताठपणा प्रचंड, हालचाल चिमूटभर. हालचाल वाढवायला फ्लेक्शरचीच तरफ करून ती ५ पट, १० पट वाढवतात, पण फुकट काही नाही, हालचाल १० पट केली की टेबलाच्या बाजूने त्या पिएझोचा ताठपणा १०० पट कमी दिसतो, आणि ताठपणासोबत फ्रिक्वेन्सीही उतरते. शिवाय पिएझोचे स्वतःचे दोन स्वभाव आहेत. एक हिस्टेरेसिस, म्हणजे ५० व्होल्टवर तो कुठे असेल ते तुम्ही खालून ५० वर आलात की वरून ह्यावर अवलंबून, आणि मोठ्या हालचालीत हा फरक १०-१५ टक्क्यांपर्यंत जातो. दुसरा क्रीप, व्होल्टेज स्थिर ठेवलं तरी तो हळूहळू सरकत राहतो, पहिल्या सेकंदापासून दहाव्या सेकंदापर्यंत जेवढा सरकला साधारण तेवढाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. क्रीप मंद असल्याने इंटिग्रल कंट्रोल त्याला आरामात खातो. हिस्टेरेसिसला मात्र एकतर त्याचं उलटं गणिती मॉडेल आधीच लावायचं, नाहीतर पिएझोला व्होल्टेजऐवजी चार्ज मोजून द्यायचा. चार्ज आणि हालचाल ह्यांचं नातं बरंच सरळ असतं, त्यामुळे हिस्टेरेसिस खूप कमी होतो. फक्त चार्ज अॅम्प्लिफायर अगदी मंद हालचालीला नीट धरून ठेवत नाही, म्हणून तिथे परत सेन्सर लागतोच.

आता दुसरा रस्ता, डॅम्पिंग, आणि मला स्वतःला हाच जास्त आवडतो. हाकललेलं घर्षण परत आणायचं, पण त्यातला फक्त चांगला भाग. चिकटणारं कोरडं घर्षण नको, वेगाच्या प्रमाणात विरोध करणारं हवं, जसं तेलातून काही ओढताना लागतं तसं. ते चिकट पॉलिमरचा थर लावून करता येतं किंवा अॅल्युमिनियमची प्लेट चुंबकाच्या मधून फिरवून एडी करंटने करता येतं. किंवा सरळ इलेक्ट्रॉनिक्समधून, टेबलाचा वेग मोजायचा आणि त्याच्या प्रमाणात उलटा जोर लावायचा. पीआयडी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) ह्या नेहमीच्या कंट्रोलरमधला डी म्हणजे नेमकं हेच. ह्याने डॅम्पिंग ०.०१ वरून ०.३ वर नेलं तर ती भिंत ३० पट वर सरकते, अर्ध्या हर्ट्झचे १६ हर्ट्झ होतात आणि धातूला हातही लावावा लागत नाही! पण वेग काढायला पोझिशनचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घ्यावं लागतं, आणि डेरिव्हेटिव्ह सेन्सरमधला नॉइज वाढवतं, तो नॉइज जोर बनून टेबलाला हलवतो. म्हणून डीला वरून फिल्टर लावतात, फिल्टर उशीर करतो, उशीर डॅम्पिंग खातो, अशी ओढाताण चालू राहते आणि ट्यूनिंगचं अर्धं कौशल्य इथेच खर्च होतं.

सेन्सर कुठे लावायचा हे तर ट्यूनिंगच्याही आधीचं. जिथे जोर लागतो तिथेच मोजलं तर डॅम्पिंग देणारा कंट्रोलर बहुतेक वेळा शांत राहतो. पण जोर एका टोकाला, सेन्सर दुसऱ्या टोकाला आणि मध्ये लवचिक भाग असेल तर काही फ्रिक्वेन्सींना दोन्ही टोकं उलट दिशेला हलतात, तेव्हा सेन्सर म्हणतो डावीकडे गेलंय, कंट्रोलर उजवीकडे ढकलतो, आणि जोर लागतो त्या टोकाला ते नेमकं त्याच्या चालू हालचालीत भर घालणारं असतं, थरथर अजून भडकते. मघाशी म्हटलं ना की दुहेरी पॅरललोग्रामची एक किंमत आहे, ती हीच. त्यात मधलं एक टेबल दोन स्प्रिंगांच्या मध्ये नुसतं लोंबकळतं, हळू हलवताना ते शहाण्यासारखं निम्मं अंतर चालतं, पण जोरात हलवलं की ते स्वतःच्या मनाने झुलतं, आणि सेन्सर मुख्य टेबलावर असल्याने ते काय करतंय हे कोणी बघतच नाही. ड्रॉइंग करणाऱ्याने सरळ रेषेसाठी केलेली सुधारणा कंट्रोलवाल्याच्या गळ्यात येते. म्हणूनच मी म्हणतो की अशा स्टेजचा कंट्रोल कोडमध्ये नाही, ड्रॉइंग बोर्डवर सुरू होतो, आणि मेकॅनिकलवाला नि कंट्रोलवाला पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसले नाहीत तर पुढे पैसा लावून हे दुरुस्त होत नाही.

कंपन उठल्यावर विझवण्यापेक्षा ते उठूच न देणं हा वेगळाच विचार आहे आणि अतिशय देखणा आहे. शॉपमधला अनुभवी क्रेन ऑपरेटर बघा, लोड टांगलेला असताना तो क्रेन एका झटक्यात नेत नाही, थोडं सरकवतो, लोड पुढे झुलायला लागतो, आणि तो झुलून पुढच्या टोकाला पोचला की नेमकं उरलेलं अंतर क्रेन त्याच्या वर नेतो, लोड तिथेच शांत. आपल्या टेबलाचंही तसंच करायचं, १०० मायक्रॉनची आज्ञा एकदम द्यायची नाही, ५० आत्ता द्यायची आणि उरलेली ५० बरोबर अर्ध्या झोक्यानंतर. आपल्या २६.६ हर्ट्झला एक झोका ३७.६ मिलीसेकंदांचा, अर्धा १८.८ चा. पहिल्या ५० ने उठलेलं कंपन आणि दुसऱ्या ५० ने उठलेलं कंपन एकमेकांच्या बरोबर उलट असतात, एकमेकांना खोडतात, आणि ७ सेकंदांचं काम विसेक मिलीसेकंदांत जवळजवळ आटोपतं. ह्याला इनपुट शेपिंग म्हणतात, ह्याला सेन्सरसुद्धा लागत नाही. फक्त फ्रिक्वेन्सी नीट माहीत पाहिजे, टेबलावर सॅम्पल ठेवलं, वजन बदललं, फ्रिक्वेन्सी सरकली की खोडणं अर्धवट होतं, म्हणून थोडे जास्त तुकडे करून चुकीला जागा ठेवणारे प्रकारही आहेत. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात फोकस करणारी भिंग हलवायला सहसा अशीच व्हॉइस कॉइल आणि पातळ पत्र्याच्या स्प्रिंगा असतात, आणि ती कॉइल चालवणाऱ्या चिपमध्ये झुलणं कमी करायची अशीच सोय दिलेली असते.

स्कॅनिंगमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. पुढे-मागे सरळ रेषेत जायचं म्हणून त्रिकोणी सिग्नल देतात, आणि त्रिकोणी सिग्नलमध्ये मूळ फ्रिक्वेन्सीसोबत तिची ३ पट, ५ पट, ७ पट अशी हार्मोनिक्स लपलेली असतात. आपण ५.३ हर्ट्झने स्कॅन केलं तर वाटतं की २६.६ पासून आपण खूप लांब आहोत. पण ५.३ ची ५ पट म्हणजे २६.५! ते पाचवं हार्मोनिक मूळच्या फक्त २५ व्या भागाएवढं असतं, पण रेझोनन्स त्याला ५० पट वाढवतो, म्हणजे ते मूळ हालचालीच्या दुप्पट होऊन बसतं आणि सरळ रेषेच्या जागी नुसती नागमोडी थरथर मिळते. म्हणून स्कॅनची गती रेझोनन्सच्या दहाव्या-विसाव्या भागाच्याही खाली ठेवतात, किंवा त्रिकोणाची टोकं गोल करतात, किंवा साइन सिग्नलनेच स्कॅन करून चित्र नंतर गणिताने सरळ करतात. आणि तोच रस्ता परत परत जायचा असेल तर मागच्या फेरीत कुठे किती चुकलं हे साठवून पुढच्या फेरीत आधीच दुरुस्ती करणारा लर्निंग कंट्रोल लावतात, तो अशा ठिकाणी फार चांगला चालतो कारण फ्लेक्शरची चूक दर फेरीत तशीच्या तशी येते. घर्षण असतं तर ती दर वेळी वेगळी आली असती.

मोजायचं कशाने हेही थोडं सांगतो. बऱ्याच स्टेजमध्ये कपॅसिटिव्ह सेन्सर असतो, दोन धातूच्या प्लेटा समोरासमोर, एक फ्रेमला, एक टेबलाला. एक चौरस सेंटीमीटरच्या प्लेटा १०० मायक्रॉन अंतरावर ठेवल्या तर कपॅसिटन्स येतो सुमारे ८.८५ पिकोफॅरड, आणि १ नॅनोमीटर हललं की तो एक लाखाव्या भागाने बदलतो. एवढासा बदल मोजता येतो, फक्त जितक्या वेगाने मोजाल तितका नॉइज जास्त, बँडविड्थ १०० पट केली की नॉइज १० पट. आणि सेन्सर कामाच्या बिंदूच्या सरळ रेषेत ठेवा, ५० मिमी बाजूला ठेवलात आणि टेबल एका आर्कसेकंदाने म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाने तिरकं झालं तरी २४० नॅनोमीटरची चूक होते जी सेन्सरला दिसतच नाही. ही गोष्ट एर्न्स्ट आबे ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्येच सांगून ठेवलीय आणि लोक अजूनही ती विसरून डिझाइन करतात.

ह्या सगळ्याचं फळ काय, तर १९८१ मध्ये आयबीएमच्या झुरिचच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर ह्यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप चालवून दाखवला, त्यात धातूची सुई पृष्ठभागापासून नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावर पिएझोने धरून ठेवतात आणि अंतर ०.१ नॅनोमीटर बदललं की सुई न टेकताही मधून वाहणारा टनेलिंग करंट साधारण १० पट बदलतो. १९८६ चं नोबेल त्यांना मिळालं. १९८९ मध्ये आयबीएमच्याच कॅलिफोर्नियातल्या डॉन आयग्लर ह्यांनी ३५ झेनॉन अणू एक-एक सरकवून कंपनीचं नाव लिहिलं. आपल्याकडे पवईला आयआयटी बॉम्बेच्या सुमन मशरूवाला मायक्रोइंजिनिअरिंग लॅबमध्ये पात्यांच्या अशाच मेकॅनिझमने लेझर आणि रेझिन वापरून अतिसूक्ष्म त्रिमितीय वस्तू बनवण्यावर काम झालंय, म्हणजे हा विषय फक्त परदेशातल्या लॅबचा नाही.

ज्यांना स्वतः करून बघायचंय, डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांना तर मी नक्की सांगेन की करा, त्यांनी पीआयडी लिहायच्या आधी एक काम करावं. पाती बसवा, टेबलावर सेन्सर लावा, बोटाने हलकी टिचकी मारा आणि सिग्नल रेकॉर्ड करा. एका सेकंदात किती झोके ते मोजा, ती तुमची फ्रिक्वेन्सी. मग झोक्याची उंची निम्मी व्हायला किती झोके लागतात ते मोजा आणि ०.११ ला त्या संख्येने भागा, तो तुमचा डॅम्पिंग रेशो, ११ झोक्यांत निम्मी झाली तर ०.०१. ह्या दोन आकड्यांचा गुणाकार करून दुप्पट करा, नुसत्या इंटिग्रलने तुम्हाला कुठपर्यंत जाता येईल ते लगेच कळेल. मग पात्यांवर डबल साइडेड फोम टेपचा एक तुकडा आणि त्यावर पत्र्याची छोटी पट्टी चिकटवून परत टिचकी मारा आणि परत मोजा.